१४१ ग्रॅमची गाडी : उतारावरच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरताना

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या क्रीडा मंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये मुलांसाठी लाकडी गाड्यांची शर्यत ठेवली होती. मोटार नाही, सेल नाही, रिमोट नाही. वीतभर लांबीची गाडी उतारावरून सोडायची आणि खालच्या सपाट पट्टीवर किती वेळात पोचते ते मोजायचे, एवढाच खेळ. आमच्या घरातून नऊ वर्षांची मुलगी उतरली. आधी खेळलेले कुणी आसपास नसल्यामुळे विचारायचे कुणाला, हा प्रश्न सगळ्याच पालकांपुढे होता. म्हणून फॉर्मपासून प्रमाणपत्रापर्यंतचे सगळे जसे घडत गेले तसे लिहून ठेवते आहे.

नियमांचा कागद हातात आला की पहिल्यांदा मापेच विचित्र वाटतात. लांबी जास्तीत जास्त १७८ मिलिमीटर, रुंदी ७० मिलिमीटर, वजन १४१.७ ग्रॅम. हे आकडे आले कुठून, ते कळले की सोपे जाते. खेळ मूळचा अमेरिकेतला, त्याचे नाव पाइनवुड डर्बी. कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीच येथे डॉन मर्फी नावाच्या गृहस्थाने १५ मे १९५३ रोजी कब स्काउटच्या (स्काउटमधल्या लहान वयोगटाच्या) मुलांसाठी पहिली शर्यत घेतली. त्याचा मुलगा दहा वर्षांचा होता आणि स्वतः आत बसून उतारावर गाडी चालवायच्या मोठ्या मुलांच्या शर्यतीत त्या वयाला प्रवेश नव्हता. तेव्हा त्याने गाडीच लहान केली. मापे तेव्हापासून इंच आणि औंसात ठरलेली आहेत : ७ इंच, पावणेतीन इंच, ५ औंस. आपल्याकडे ती मिलिमीटरमध्ये आणि ग्रॅममध्ये येतात म्हणून तुटक दिसतात.

नरकासुर जाळून झाले, दिवाळी आटोपली आणि ४ नोव्हेंबरला फॉर्म मिळू लागले. शेवटची तारीख १५. फी ३५० रुपये, त्यातच गाडीचे साहित्य. फॉर्मसोबत वयाचा दाखला, दोन पासपोर्ट फोटो आणि पालकांचे हमीपत्र. वयोगट तीन होते, ६ ते ८, ९ ते ११ आणि १२ ते १४, आणि वय १ डिसेंबरला पूर्ण झालेले धरणार होते. ज्यांचा वाढदिवस डिसेंबरात येतो त्यांनी हे नीट वाचावे, कारण गट चुकला तर पावती फाटल्यावर बदलून देत नव्हते. वयासाठी आधार कार्डाची झेरॉक्स चालेल असे सूचनाफलकावर होते, पण टेबलावर बसलेल्या स्वयंसेवकाने शाळेचे बोनाफाइड मागितले. शाळेच्या कार्यालयात आज अर्ज दिला की ते हातात पडायला दोन-तीन दिवस लागतात, मध्ये रविवार आला तर आणखी एक. तेव्हा फॉर्म आणायला जाण्याआधीच बोनाफाइडचा अर्ज देऊन ठेवणे बरे. पैसे यूपीआयने घेतले, पावती मात्र हातानेच लिहून दिली. पावतीवरचा क्रमांक हाच पुढे गाडीचा क्रमांक होतो आणि तपासणीच्या दिवशी मूळ पावतीच लागते. मोबाइलमधला फोटो दाखवून काम भागले नाही असे दोघेतिघे तरी पाहिले.

हमीपत्रातले एक कलम नीट वाचण्यासारखे होते : विजेवर चालणारी हत्यारे पालकांनीच वापरावीत, बाकीचे काम मुलाने करावे. त्याचा अर्थ आम्ही असा लावला की करवत आणि ड्रिल मोठ्यांच्या हाती, कानस, पॉलिश पेपर, रंग आणि वजनाचे गणित मुलीच्या हाती. निवाडा करणारे तपासणीच्या टेबलावर मुलाला विचारतात, “हे भोक इथे का पाडले?” उत्तर बाबाकडे बघून आले की त्यांना कळते. त्याचे गुण कापत नाहीत, पण प्रश्न वाढतात.

साहित्य रविवारी १७ नोव्हेंबरला मिळाले. एका पिशवीत पाइनचा ठोकळा, प्लास्टिकची चार चाके, चार खिळे आणि नियमांची दोन पाने. ठोकळा १७८ मिलिमीटर लांब, ४४ रुंद, ३२ उंच. तळाला आडव्या दोन खाचा, त्यातच खिळे ठोकून चाके बसवायची. पिशवी तिथेच उघडून बघावी. चाकाला भेग आहे का, एखादा खिळा वाकडा आहे का, खाचा ठोकळ्याला काटकोनात आहेत का. टेबलावर असतानाच बदलून देतात, दुसऱ्या दिवशी नाही. खाचा तिरक्या आहेत का ते पाहायला गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, लागतो. तो नसेल तर पोस्टकार्डाचा किंवा वहीच्या पुठ्ठ्याचा कोपरा चालतो.

घरी आल्यावर सगळ्या मुलांचे एकच असते, गाडीला आकार कुठला द्यायचा. मगरीपासून कदंबा बसपर्यंत सगळे सुचून जाते. सुचू द्यावे, पण आकाराने वेग फारसा ठरत नाही एवढे पालकांनी मनात ठेवावे. इतक्या लहान गाडीला या वेगात वारा थोडाच अडवतो. ठोकळा तसाच चौकोनी ठेवला तर फरक पडतो, पण पुढे निमुळता, मागे थोडा जाड एवढे केले की आकाराचे काम संपले. खरा वेळ खिळे आणि चाके खातात. महिन्याभराच्या मुदतीतले तीन आठवडे आकार आणि रंगात गेले आणि खिळे आदल्या रात्री ठोकले, ही गोष्ट त्या दिवशी निम्म्याहून अधिक गाड्यांची होती, आणि ती ट्रॅकवर दिसली.

कापण्याआधी दोन गोष्टी. एक म्हणजे ठोकळ्याच्या खाचा दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर नसतात. एका बाजूची खाच टोकाच्या जास्त जवळ असते. ती बाजू मागे ठेवायची. वजन मागे जाते तेव्हा मागचे चाकही मागे असलेले बरे. दुसरी गोष्ट, तळ कुठेही कापायचा नाही. ट्रॅकच्या प्रत्येक गल्लीच्या (लेनच्या) मधोमध ६ मिलिमीटर उंचीची पट्टी असते, गाडी तिच्या दोन्ही बाजूंना चाके टाकून धावते. तळ आणि जमीन यांत साडेनऊ मिलिमीटर जागा आणि आतल्या अंगाने दोन चाकांत साडेचव्वेचाळीस मिलिमीटर अंतर सुटलेच पाहिजे.

आकार आलेखाच्या कागदावर काढून ठोकळ्याच्या बाजूला चिकटवला आणि मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, नेला. शंभर रुपये कापणावळ. मेस्ताला आधी सांगावे लागते की मागच्या भागात २० मिलिमीटर जाडी राहू दे, तिथे वजन भरायचे आहे. पुढे ८ मिलिमीटर पुरते. त्याहून पातळ केले तर पुढच्या खाचेशी लाकूड तडकते. कापून झाल्यावर ठोकळा साधारण ४५ ग्रॅमवर आला. मग १२० नंबरचा पेपर, नंतर २२०. दोन्ही वेळा रेषेच्या दिशेनेच घासायचे, आडवे घासले तर ओरखडे रंगातून वर येतात.

वजनाची बाजू जरा सविस्तर सांगते, कारण इथे गणित आहे. गाडी १४१.७ ग्रॅमच्या जितकी जवळ तितकी चांगली. जड गाडी उतारावर वेगाने पडते म्हणून नव्हे. घर्षण आणि हवा मिळून जेवढे अडवतात, त्याच्या तुलनेत गाडीजवळ जास्त ऊर्जा असते, म्हणून. आणि ते वजन मागे का, तर उतारावर उभी असताना गाडीचा मागचा भाग उंच असतो. गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर मागे सरकला तर ३० अंशांच्या उतारावर तो अडीच सेंटिमीटर वर चढतो. १२० सेंटिमीटर उंचीवरून सुटणाऱ्या गाडीला ही फुकटची दोन टक्के ऊर्जा. वेगात त्याचा एक टक्का दिसतो, म्हणजे शेवटच्या रेषेवर सहा-सात सेंटिमीटर. मुलीला हे कागदावर मांडून दाखवले तेव्हा तिने विचारले, मग सगळेच वजन शेपटीत का नाही? कारण पुढची चाके हलकी पडली की गाडी उतारावरून सपाटीवर येताना डोके वर करते आणि पट्टीवरून उडते. गुरुत्वमध्य मागच्या खिळ्याच्या पुढे २५ मिलिमीटर हा नवख्यांसाठी सुरक्षित आकडा आहे. पट्टी उभी धरून तिच्या धारेवर गाडी तोलली की तो सापडतो.

ठोकळा, चाके, खिळे आणि रंग मिळून ७० ग्रॅमच्या आसपास होते. उरलेले ७० ग्रॅम भरायचे कशाने? मासेमारीच्या जाळ्याचे शिसे कुणीही सुचवते आणि गोव्यात ते सहज मिळते. घनता ११.३, म्हणजे छोट्या जागेत मोठे वजन. पण शिसे विषारी आहे, मुलाने कापायला, घासायला ते अजिबात द्यायचे नाही, आणि घरात वितळवणे तर मोठ्यांनीही टाळावे. टंगस्टन त्याहून जड आणि निर्धोक, मात्र किंमत गाडीच्या बाकी सगळ्या खर्चाहून जास्त. बांधकामावरची १२ मिलिमीटरची लोखंडी सळी हा स्वस्त उपाय. तिचे वजन मीटरला ८८८ ग्रॅम, म्हणजे ४ सेंटिमीटरचा तुकडा साडेपस्तीस ग्रॅम. असे दोन तुकडे म्हणजे ७१. सळीला नक्षी असते, ती १२ च्या भोकात जात नाही, १४ चे भोक पाडावे किंवा वेल्डिंगवाल्याकडे गुळगुळीत सळी मागावी. गाडीच्या कुशीतून आरपार दोन भोके, एक मागच्या खिळ्याच्या जरा पुढे, दुसरे त्याला लागून. भोक पाडताना ठोकळा शिकंज्यात धरायचा, दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे घालून, नाहीतर पाइनवर दातांचे वळ उठतात. तुकडे अॅराल्डाइटने चिकटवले आणि तोंडे एम-सीलने बुजवली.

पण हे सगळे करताना पूर्ण १४१.७ पर्यंत जायचे नाही. दोन ग्रॅम कमीच ठेवायचे. कारण हवा. पाइन ओलावा ओढतो. दुपारी वाऱ्याला ठेवलेली बॉडी आणि पहाटे दव पडल्यावर तीच बॉडी यांत एका ग्रॅमपर्यंत फरक आमच्या काट्यावर दिसत होता. डिसेंबरात तरी हवा कोरडी, पावसाळ्यात शर्यत ठेवली तर फरक याहून वाढेल. सँडिंग सीलरचे दोन हात दिले की ओलावा शिरणे मंदावते, थांबत नाही. म्हणून तळाला एक लहान भोक मोकळे सोडायचे आणि तपासणीच्या टेबलाशेजारी उभे राहून त्यात एकेक बारीक स्क्रू घालत वजन पूर्ण करायचे.

काट्याबद्दल. किराणा दुकानातला काटा एक ग्रॅमचे पाऊल दाखवतो, तो उपयोगाचा नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन चारशे रुपयांत मिळाला. पणजीला जाऊन आणायचा बेत होता, पण २१ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचा शवप्रदर्शन सोहळा सुरू झाला आणि फोंड्याहून पणजीला जाणे म्हणजे अर्धा दिवस. काटा खरा आहे का हे पाहायला रुपयाचे चिन्ह असलेले दहाचे दोनरंगी नाणे ठेवावे, ते ७.७ ग्रॅम दाखवायला हवे. पाच-दहा नाणी एकत्र ठेवून पाहिले तर अधिक खात्री. काटा घ्यायचा नसेल तर ओळखीच्या शेटांच्या पेढीवर सोन्याच्या काट्यात गाडी तोलून मिळते. दुकानात गर्दी नसेल तेव्हा जावे, एवढेच.

आता खिळे. इथे घाई करायची नाही.

पिशवीतला खिळा भिंगाखाली पाहिला तर डोक्याच्या आतल्या बाजूला साच्याचे कंगोरे आणि दांड्यावर चिमट्याच्या दोन रेघा दिसतात. चाक याच रेघांवर घासत फिरते. खिळ्याचे टोक ड्रिलमध्ये धरायचे, डोके बाहेर. ड्रिल मंद फिरवत बारीक कानशीने आधी कंगोरे आणि रेघा घालवायच्या. डोक्याची आतली कड किंचित उतरती करायची, म्हणजे चाकाचा फार थोडा भाग तिला लागतो. मग हार्डवेअरमध्ये वॉटर पेपर म्हणून मिळतो तो, पाण्यात बुडवून, ४००, ६००, १०००, १५०० आणि २००० या क्रमाने. एक पान तेव्हा साधारण वीस रुपयांना होते. प्रत्येक नंबरला एका खिळ्यामागे अर्धा मिनिट पुरते, मात्र पुढचा नंबर घेण्याआधी खिळा पुसून काढायचा. आधीच्या पेपरचा कण राहिला तर तो नवे ओरखडे पाडतो. ड्रिल मोठ्या माणसाने धरायचे, पेपरची पट्टी मुलाने, पण बोटाला गुंडाळून नव्हे, दोन टोके दोन हातांत धरून. केस बांधलेले, बाह्या दुमडलेल्या. कानशीने जास्त घासून दांडा बारीक करू नये, चाक मग डुलते.

घासून चकचकीत केलेला खिळा गोव्याच्या हवेत उघडा ठेवला तर सकाळी तांबूस झाक येते. कोरडा पुसून, झाकणाच्या डबीत, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायचा. बोटांचा घामही नको, शेवटचा हात कापडाने धरून.

चाकांचे काम कमी पण नाजूक. साच्याच्या जोडाची रेघ धावत्या पृष्ठभागावर असते, ती ६०० च्या पेपरने हलकेच. चाक अरुंद करणे किंवा हलके करणे नियमात बसत नव्हते आणि तपासनीस कॅलिपर लावून बघत होते. आतले भोक कापसाच्या काडीवर पांढरी टूथपेस्ट घेऊन फिरवून गुळगुळीत करायचे, जेलवाली नको. नंतर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचे. भोकात ओल राहिली तर पुढे वंगण म्हणून घालायची ग्रॅफाइटची भुकटी गोळा होते.

वंगण कोरडेच हवे. घरातले खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल पहिल्या दोन फेऱ्यांत छान वाटते. मग त्याला तांबडी धूळ चिकटते आणि चाक चिकट होते. शिवाय नियमातच तेल वर्ज्य होते, ट्रॅक खराब होतो म्हणून. ग्रॅफाइटची भुकटी कुलूप-चावीवाल्यांकडे किंवा मोठ्या हार्डवेअरमध्ये मिळते. फोंड्याच्या वरच्या बाजारात विचारत गेलो तेव्हा छोटी बाटली १८० रुपयांना मिळाली. पेन्सिलीचे शिसे किसून चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. पेन्सिलीत ग्रॅफाइटबरोबर चिकणमाती असते, ती घासते. चालत नाही. पडवीत वर्तमानपत्र पसरून काम करावे, पंखा बंद, नाकाला रुमाल. चिमूटभर भोकात, चिमूटभर खिळ्यावर, चाक चढवून फिरवायचे, पुन्हा भुकटी, पुन्हा फिरवायचे. बराच वेळ असे केले की आतली बाजू करडी चमकदार होते. कच्च्या खिळ्यावर चाक पाच-सहा सेकंदांत थांबत होते, या सगळ्यानंतर वीस सेकंदांच्या पुढे जाऊ लागले. मुलीला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडला.

रंग या आधी उरकलेला हवा. इनॅमल वाळायला वेळ घेतो आणि दमट हवेत बोटांचे ठसे धरतो, म्हणून अॅक्रिलिक रंग आणि वर पारदर्शक हात. खाचांमध्ये रंग जाऊ नये म्हणून तिथे कागदी चिकटपट्टी लावायची. रंगाचे वजन दोन-तीन ग्रॅम होते, ते हिशेबात धरायचे.

खिळा खाचेत बसवताना चाक आणि लाकूड यांत किती जागा ठेवायची? एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, तेवढी. कार्डाला कोपऱ्यात खाच पाडून ते मध्ये घालायचे, खिळा हलकेच ठोकायचा, कार्ड काढून घ्यायचे. जुने, मुदत संपलेले कार्ड घ्या हे सांगायला नको. फेविक्विक इथे आणायचे नाही. ते खिळ्यावरून धावत चाकापर्यंत जाते आणि चाक कायमचे बसते. खिळा सरळ धावतो याची खात्री झाल्यावरच मागून अॅराल्डाइटचा ठिपका.

सरळ धावणे तपासायला घरची फरशी उपयोगाची नाही, जोडावर गाडी वळते. जेवणाचे टेबल किंवा प्लायची फळी घ्यायची, एका टोकाखाली दोन वह्या, मधोमध ताणलेला दोरा. गाडी दोऱ्याच्या रेषेत सोडायची. सव्वा मीटरमध्ये दोन-तीन सेंटिमीटर सरकली तर ठीक, त्याहून जास्त असेल तर पुढचा खिळा पकडीने डोक्याला धरून किंचित फिरवायचा आणि पुन्हा सोडायची. खिळा कधीच शंभर टक्के सरळ नसतो, तो फिरवला की चाकाचा कल बदलतो. पुढचे एक चाक उचलून गाडी तीन चाकांवर पळवायची युक्ती अमेरिकेत बरेच जण वापरतात. आमच्या नियमांत चारही चाके टेकलेली हवीत असे स्पष्ट होते, तपासनीस खालून कागद सरकवून पाहत.

७ डिसेंबरला, शनिवारी, सरावासाठी ट्रॅक दोन तास खुला केला होता. प्लायच्या आठ फुटी चार फळ्या जोडून केलेला ३२ फुटी ट्रॅक, चार गल्ल्या. तिथे एक गोष्ट कळली जी घरी कळणे शक्य नव्हते : गाडीचे नाक सुटण्याच्या खुंटीला टेकायला हवे. ज्यांनी नाक फार वर उचललेले किंवा टोकदार केले होते त्यांच्या गाड्या खुंटीवर चढत होत्या. अशांना आठवडा मिळाला. जे सरावाला आले नाहीत त्यांना तपासणीच्या संध्याकाळी कळले.

तपासणी शनिवारी १४ डिसेंबरला, संध्याकाळी पाच ते आठ. रांग साडेचारलाच लागली होती, आमचा क्रमांक यायला तासाहून जास्त वेळ गेला. आधी मूळ पावती, मग लाकडी चौकटीतून गाडी सरकवून लांबी-रुंदी, पट्टीचा तुकडा खाली घालून तळाची उंची, शेवटी काटा. नापास होण्याचे सगळ्यात मोठे कारण जास्त वजन. आणि त्यातले बहुतेक जण म्हणत होते, घरी बरोबर होते. असेलही, संध्याकाळी दव पडू लागले होते आणि प्रत्येकाचा काटा वेगळा. अधिकृत काटा एकच, तो रांगेच्या सुरुवातीला मोकळा ठेवला होता, तिथे आधी तोलून घ्यावे. सोबत नेण्याच्या वस्तू : बारीक स्क्रू, छोटा पेचकस, हातड्रिल, कानस, एम-सीलची पुडी, कापड. आमची गाडी १४०.१ भरली, त्यात दोन स्क्रू घालून १४१.५ वर थांबवली. शेवटच्या दोन दशांशासाठी कुणी जीव टाकू नये, दोन दशांश ग्रॅमने काही होत नाही.

पास झालेली गाडी तिथेच जमा करतात, सकाळपर्यंत परत मिळत नाही. लहान मुलांना हे जड जाते. आदल्या दिवशीच सांगून ठेवले तर रडारड कमी. गाडी रात्रभर सभागृहात राहणार म्हणून ग्रॅफाइटचा शेवटचा हात जमा करण्याआधीच, रांगेबाहेर उभे राहून द्यायचा.

रविवारी हजेरी साडेआठला, पहिली फेरी प्रत्यक्षात दहा वाजून गेल्यावर. मधला वेळ पातळभाजी-पाव आणि पोटातला गोळा. आमच्या गटात चोवीस गाड्या. प्रत्येक गाडी चारही गल्ल्यांतून एकेकदा धावते आणि चार वेळांची बेरीज धरतात. हे न्याय्य आहे, कारण प्लायच्या जोडावर एका गल्लीत बारीक उंचवटा होता आणि तिथे सगळ्यांचेच वेळ जरा वाढत होते. मुलाला हे आधी समजावून ठेवा, कारण पहिलीच फेरी वाईट गल्लीत आली की चेहरा उतरतो. चांगल्या गाड्या पावणेतीन सेकंदांच्या आसपास येत होत्या, तीनच्या पुढे गेलेल्या गाड्यांत चाक बॉडीला घासत असल्याचे बहुधा दिसत होते. गाड्या ट्रॅकवर स्वयंसेवकच ठेवतात, मुलांनी आणि पालकांनी हात लावायचा नाही. मधेच वीज गेली आणि वेळ मोजणारे यंत्र बंद पडले, ती फेरी पुन्हा घेतली. चाक निखळले तर दुरुस्तीला पाच मिनिटे मिळतात, म्हणून सकाळीही पिशवी सोबत हवी. आमच्या दुसऱ्या फेरीनंतर पुढचा एक खिळा सैल झाला, पकडीने आत दाबून पुढची फेरी धावली. आम्ही मधल्या फळीत राहिलो. जिंकलेल्या मुलाची गाडी साधी पाचर होती, रंगही एकच, पण त्याच्या आजोबांनी खिळे दाखवले तेव्हा त्यांत तोंड दिसत होते.

एकूण खर्च चौदाशे वीस : फी ३५०, कापणावळ १००, वॉटर पेपर १००, ग्रॅफाइट १८०, अॅराल्डाइट आणि एम-सील ६०, सीलर आणि रंग २३०, काटा ४००. काटा आणि ग्रॅफाइट पुढच्या वर्षीही चालतील. चाके आणि खिळे मात्र दर वर्षी नवेच, त्या वर्षीच्या पिशवीतले वापरावे लागतात. जुनी गाडी सरावाला ठेवावी.

प्रमाणपत्रे त्या दिवशी दिली नाहीत, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मंडळाच्या खोलीत येऊन न्यायला सांगितले. नाव फॉर्मवर इंग्रजी कॅपिटलमध्ये जसे लिहिले तसेच छापतात. शाळेच्या फायलीत लावायचे असेल तर स्पेलिंग बोनाफाइडशी जुळवून लिहा, दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज आणि पुन्हा तीच मूळ पावती मागतात.